चटयांची चळत

मालवणच्या आमच्या जिममध्ये स्पीकरवर गाणी दणदणत असतात आणि जो तो वजन वाढवायच्या मागे असतो. साठीची एक बाई मात्र चटया कमी करायला यायची.

खांदा धरल्यामुळे मी हलकं डंबेल घेऊन कोपऱ्यात असायचो, ती शेजारीच. आधी फोमच्या रोलरवर मांड्या घोळवायची, मग गुडघ्यांवरचे पट्टे वर ओढून घ्यायची. रबरी चटयांची चळत रचायची आणि छातीशी डंबेल धरून एक गुडघा सावकाश त्या चळतीवर टेकवून उठायची. उठताना कधी कण्हली नाही. ट्रेनरकडे रागाने बघायची, जसं काही दुखणं त्यानेच दिलंय. थोडे दिवस गेले की चळतीतली एक चटई कमी झालेली असायची.

शेवटी न राहवून मी विचारलं, "आंटी, ह्या सगळा कित्यासाठी?"

"चर्चात सगळे ढोपरां टेकतत आणि मी एकटी बाकार बसान रवतंय," ती म्हणाली. "देवाकडे बसान मागलेला माका पटणा नाय."

परवा खाली एकच चटई होती. तिने डंबेल बाजूला ठेवलं, दोन्ही गुडघे टेकले आणि डोळे मिटले. बराच वेळ झाला तरी ती उठेना. अडकली असं वाटून ट्रेनर धावत आला आणि तिच्या काखेत हात घालू लागला.

"थांब रे," डोळे न उघडता ती म्हणाली, "आमेन तरी होवंदे."

मी उठून स्पीकर बंद केला.