तेजीच्या वर्षी मी निजून होते

अमरावतीच्या बाजारात पाय ठेवायला जागा मिळेना इतक्या कापसाच्या बैलबंड्या ज्या वर्षी येऊ लागल्या, त्या वर्षी मी बाजेवर पडून होते. ताप नव्हता, खोकला नव्हता. धाकटं पोर नुकतं चालायला लागलं होतं, थोरली घरभर हिंडायची. कुठल्या तरी दूरच्या मुलखात लढाई लागली म्हणून साहेबांना आमच्या वऱ्हाडाचा कापूस हवा होता, आणि आमच्यासारख्या माळ्याच्या घरातही कधी नव्हे ती बरकत आली होती. मला मात्र सकाळी चूल पेटवायची म्हटलं की रडू यायचं. पुढं पुढं रडूही येईना.

माझं माहेर अकोल्याकडचं. तिथं मी बोलघेवडी म्हणून नावाजलेली होते. लग्न होऊन आले तसं सासूनं माझ्या डोक्यावर भाजीचं टोपलं दिलं आणि मी ते बाजारात रिकामं करूनच घरी यायचे. मग एका बाजाराला एका बाईनं वांग्यांचा भाव विचारला आणि मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. भाव ठाऊक होता. तोंड उघडायचं बळ नव्हतं. ती दुसरीकडे गेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर मला बाजाराची भीतीच बसली. माणसं दिसली की वाटायचं, आता ही काही विचारतील आणि मला सांगता येणार नाही.

त्याच हंगामात माझ्या नवऱ्यानं अर्धा भाजीचा मळा मोडून कापसाची पऱ्हाटी लावली होती. शेजारणी म्हणाल्या, हिनं तेच मनाला लावून घेतलं. तसं नव्हतं. कारण सापडलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं.

तो कापसाच्या बंड्या घेऊन दूर जायचा आणि खूप दिवसांनी परतायचा. एकदा माझ्यासाठी चांदीच्या पाटल्या घेऊन आला. मी त्या उशाशी ठेवल्या.

"काय कमी हाये तुले?" तो म्हणाला.

"काई नाई."

"मंग?"

मी भिंतीकडे तोंड केलं. तो बाजेच्या कडेला बसला. माणूस वाईट नव्हता. घाबरला होता.

सासूला वाटलं, बाहेरचं काही लागलं. तिनं अंगारा आणला, लिंबू उतरवलं, शेवटी शेजारच्यांच्या बंडीतून मला महानुभावांच्या रिद्धपूरला घेऊन गेली. तिथं एक म्हातारी संन्यासिनी माझ्याजवळ आली. तिनं काही विचारलं नाही, फक्त "जेवली का, माय?" म्हणाली आणि माझ्यापुढं भात ठेवला. मी दोन घास खाल्ले. परतीच्या वाटेवर सासूनं विचारलं, "बरं वाटते का आता?" धुळीनं तिचं तोंड पांढरं झालं होतं, बंडीच्या हिसक्यांनी कंबर धरली होती. मी "हो" म्हणाले. ती लगेच झोपली.

घरात आणखी एक माणूस होतं. माझी थोरली नणंद. आम्ही सगळे तिला बाई म्हणायचो. नवरा वारल्यावर ती माहेरी आली होती. पाट लावून दुसरं लग्न करायला तिनं सरळ नकार दिला होता. बोलणं असं की ऐकणाऱ्याला चटका बसावा. त्या दिवसांत मी मळ्यातल्या विहिरीच्या काठावर फार वेळ उभी राहायला लागले होते. खाली पाण्याकडे बघत. माझ्या मनात काय चाललं होतं ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बाईनं एकदा मला हाताला धरून मागं ओढलं.

"आजपासून पाणी मी आणीन," ती म्हणाली. "तू माह्यासंग बाजारात चाल."

"मले बोलता येत नाई, बाई."

"बोलाले कोन सांगतलं? बस माह्यामांगं."

वाटेत ती आपणहून म्हणाली, "मलेही झालतं हे. लोक म्हने, नवरा मेला म्हनून. नवरा मेला तवा तं मी उभी होती. हे झालं दुसऱ्या सालाले."

"मंग गेलं कसं?"

"गेलं कुठं? उठत गेली, झालं."

माझं समाधान झालं नाही. पण या घरात हे माझ्याआधी कुणाला तरी झालं होतं, एवढं कळलं.

मी तिच्यामागं बसून मेथीच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायचे. त्या सैल व्हायच्या, गिऱ्हाइकाच्या हातात सुटायच्या. बाईनं एकही जुडी सोडून पुन्हा बांधली नाही. हिवाळा असाच गेला. रोज घरी आले की अंग दगडासारखं जड व्हायचं आणि मी तशीच बाजेवर पडायचे.

एका बाजाराला अंगावर नवं सोनं घातलेली एकजण आली. एकेक वांगं उचलून नख रुतवून बघायची आणि परत टाकायची. आमची बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अवं, नख नको लावू. घ्यायचे नसन तं ठेव खाली."

"लय आली मोठी! वांगेच तं हायेत."

"वांगेच हायेत, मंग कावून फोडून राहिली?"

ती चार शब्द बोलली, मी सहा बोलले. माझे कान गरम झाले होते. किती तरी महिन्यांनी मला राग आला होता. ती तणतणत निघून गेली आणि मी बाईकडे बघितलं. वाटलं, गिऱ्हाईक घालवलं म्हणून आता मला खाईल. तिनं पदर तोंडावर घेतला होता आणि ती हसत होती.

घरी शिरताच ती सासूला ओरडून म्हणाली, "माय, हे आज भांडली!" सासूनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि पोरांच्या हातावर गुळाचा खडा दिला. सून भांडून आली म्हणून गूळ वाटणारं घर मी दुसरं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला उठता आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. सगळ्यांना वाटलं होतं, आता ही बरी झाली. त्यांचे उतरलेले चेहरे बघून मला जास्त थकवा आला. मग बाई आली, म्हणाली, "चाल," आणि मी गेले. पुढं कधी तरी मी तराजू हातात घेतला. कधी तरी भाव सांगितला. चुकला तर बाई गिऱ्हाइकासमोर मला टोकायची नाही. एका बाजाराला ती दुपारभर गायब झाली आणि संध्याकाळी टोपलं रिकामं बघून म्हणाली, "पाय दुखून राहिले, चाल घरी." ती मुद्दाम गेली होती की काय, मी विचारलं नाही.

पाटल्या मी त्या उन्हाळ्यात घातल्या. नवऱ्यानं त्या बघितल्या.

पुढं लढाई संपली, कापसाचा भाव बसला, मळ्यात पुन्हा वांगी आली. माझं ते दुखणं तिसऱ्या पोरानंतर परत आलं, आणि थोरलीच्या लग्नानंतर एकदा. तोवर बाई राहिली नव्हती. पण पायाखालची जमीन सरकायला लागली की मला ओळखू यायला लागलं होतं. शेवटच्या खेपेला घरात सून आली होती; तिला मी समोर बसवलं आणि सांगितलं, "काई दिवस मी बोलनार नाई. तुयावर राग नाई माहा. मले विहिरीवर पाठवू नको, आन् एकटी ठेवू नको."

तिनं मान हलवली. घाबरली असेल, पण दाखवलं नाही. कोपऱ्यातलं टोपलं उचलून तिनं ते माझ्याजवळ आणून ठेवलं, मेथीची पेंडी सोडली आणि आम्ही दोघी जुड्या बांधायला बसलो.