पाहुण्यांपुढे खारं पाणी

अकोल्यात आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा पाण्यावर गप्पा व्हायच्या. बोलणारे आम्हीच, माना डोलावणारेही आम्हीच. शेवटी मी हट्ट धरून एक बैठक माझ्या माहेरी नेली. माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथे बोअरला पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. प्यायला कॅन विकत घ्यायचा, तोही जपून. मी गेले की माझ्यासाठी तो हमखास उघडला जायचा.

हट्टामागे माझी वहिनी होती. लग्न होऊन आली तेव्हा बोअरच्या पाण्यात निदान डाळ तरी शिजायची, आता तीही शिजत नाही, असं ती कैक वर्षं सांगत होती. ग्रामसभेत तिला हसत. पाण्याचा खारेपणा कुणीतरी मोजावा आणि सगळ्यांसमोर फळ्यावर लिहावा, एवढंच तिचं मागणं.

अमरावतीचे एक निवृत्त प्राध्यापक मोजायचं यंत्र घेऊन येणार होते. निरोप मीच पाठवला: पाहुणे येणार आहेत, प्रत्येकीने घरून बाटलीभर पाणी आणावं.

समाजमंदिरात अकरा बाटल्या आल्या. सरांनी पहिलीत यंत्र बुडवलं. पाणी गोड. दुसरीही गोड. अकराच्या अकरा गोड! पुढे बसलेले एक काका खुशीत म्हणाले, "मंग गावाले पान्याचा तरासच नाई ना!"

माझं डोकं सटकलं. "वहिनी, ही बाटली बोअरचीच ना?"

"कॅनची हाये."

"काहून?"

"अवं ताई, पाहुन्यासाठी पानी मांगतलं ना तुमी? पाहुन्यापुढं खारं पानी कसं ठेवू?"

बाकीच्या दहाजणींनीही तेच केलं होतं. मला रागवायचं होतं, पण हसूच फुटलं. याच घरात वाढलेली मी, आणि निरोपात मी नेमका 'पाहुणे' शब्द घातला होता!

वहिनी मात्र हसली नाही. उठली, समोरच्या आमच्या घरात गेली आणि ताटलीत एक ग्लास घेऊन आली. सर यंत्र बुडवायला पुढे झाले, तर तिने ग्लास मागे घेतला.

"आधी पेऊन पाहा."

आयुष्यात पहिल्यांदा ती पाहुण्याला घरचं पाणी देत होती. सरांचं तोंड वाकडं झालं, ते त्यांनी लपवलं नाही. पण ग्लास रिकामा केला.

"माफ करा," वहिनी पुटपुटली.

"माफी कशाची? कधीपासून असं आहे, सांगा."

मग ती बोलली. डाळीचं, फाटणाऱ्या चहाचं, पांढऱ्या पडलेल्या भांड्यांचं. तिला कुणी मध्ये थांबवलं नाही. आणखी एक ग्लास आणून पाणी मोजलं आणि आकडा फळ्यावर चढला. बाकीच्या बायाही आपापलं खरं पाणी आणायला घरी पळाल्या. तेव्हा वहिनीच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं, त्याने मीही सुखावले.

आता माहेरी पाहुण्यापुढे दोन ग्लास येतात. खारं आधी, गोड नंतर. मधल्या वेळात वहिनी बोलून घेते. गेल्या दिवाळीला मी गेले, तर माझ्यापुढे एकच ग्लास आला. खारा.

"दुसरा?" मी विचारलं.

"तुमी काय पाहुन्या हाये का?"

मी सगळा प्यायले.