तांडेलाचा पहिला घास

दर्यातली मासळी आटली, पण किस्से काही आटत नाहीत. त्यांना बर्फसुद्धा लागत नाही! आता सांगतोय ते सगळं खरं, दर्याची शपथ. म्हणजे... बरंचसं खरं. शपथ परत घेतो.

आमच्या बोटीचे तांडेल पांडूमामा. सुकाणू हातात, शुगर रक्तात. जाळं वर आल्याशिवाय तांडेलानं खायचं नाही, हा त्यांच्या बापाचा नियम. एकदा गोळी घेऊन उपाशी राहिले, चक्कर आली आणि बोट जागच्या जागी गोल फिरली. विचारलं तर म्हणाले, "मासळीला फसवतोय रे!"

अलिबागच्या डॉक्टरांनी सुनावलं, "थोडं थोडं, पण वेळेवर खा. नाहीतर सुकाणू सोडा."



*

हिरामामीने डबे बांधले. निघताना भाकर, मग उकडलेली अंडी, मग शेंगदाणे. मामा ते गुपचूप कुरव पक्ष्यांना टाकायचे. एक कुरव इतका जाडा झाला की उडेना. आमच्याच बोटीने किनाऱ्याला यायचा!

*

मग मामीने मोबाइलमध्ये स्वतःच्या आवाजाचा अलार्म भरला. मामांनी फोन मासळीच्या टोपलीत खुपसला. बंदरावर लिलाव रंगात आला आणि पापलेटं ओरडली, "ओ, खाल्लंत का न्हाय?"

गिऱ्हाईक टोपली टाकून पळालं!

*

शेवटी मामीने आम्हा खलाशांना गाठलं. "तांडेलानं घास घेतल्याबिगर तुमी खात न्हाय, ह्यो बी नियमच हाय ना? मग लागू द्या भूक!"

तेव्हापासून जाळं पाण्यात पडलं की आम्ही पोट धरून बसायचो.

"पोटं हायत का पिंपं?" मामा करवादायचे. पण भाकर मोडायचे, पहिला घास घ्यायचे. त्यांची चक्कर गेली, आमच्या पँटी आवळायला लागल्या!

*

संकष्टीला पंचाईत झाली. सगळ्या खलाशांना उपास.

"आज कोन रडनार न्हाय," मामा खूश. जाळं खेचायची वेळ आली आणि सुकाणूवरचा त्यांचा हात थरथरायला लागला.

"मामा, भूक लागली," मी म्हणालो.

"तुजा उपास ना?"

"मोडला."

मामांनी निमूट भाकर मोडली. आधी स्वतः घास घेतला, मग सुकटीसकट एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. खाता खाता हात स्थिरावला. किनाऱ्याकडे बघत म्हणाले, "हिराला सांगू नको हां. तिला वाटतंय, मला काय कळत न्हाय."

यातलं रचलेलं म्हणाल, तर तो जाडा कुरव. आणि आमची भूक.