भाऊजींचं विलायती रिव्हॉल्व्हर

चार नोव्हेंबर. आजचं काम: थोरल्या दिरांना स्कूटरवर मागे बसवून गोळीबाराच्या चाचणीला नेणे आणि वाटभर त्यांचं व्याख्यान ऐकणे.

स्वतःच्या वस्तूवर इतकं आंधळं प्रेम करणारा माणूस बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत दुसरा सापडायचा नाही. भाऊजी उल्हासनगरात एका सराफाच्या दारात वीस वर्षं पहारा देतात, कमरेला स्वतःचं परवान्याचं विलायती रिव्हॉल्व्हर. त्याला रोज मऊ फडक्यानं पुसतात. चष्मा मात्र सदऱ्याच्या टोकानं. कंपनीचं नाव घेताना आवाज असा खाली आणतात, की कुलदैवताचं नाव घेताहेत असं वाटावं. जोडीचे पहारेकरी, अंबरनाथचे कांबळे, यांचं रिव्हॉल्व्हर देशी, म्हणून ते ‘कुकरची शिट्टी’. कांबळ्यांचा खटका जड लागला तर माल हलका. भाऊजींचा जड लागला तर, “बघ, कसा घट्ट बनवलाय!”

“वीस वर्षांत एकदा दगा दिला नाही, सुनंदा.”

“उडवलंत किती वेळा?”

“तीनदा. तिन्ही वेळा उडालं की!”

शेजारच्या गल्लीत दरोडा पडला आणि सराफ शेठने नियम काढला: सहा गोळ्या झाडून दाखवा, ज्याचं हत्यार चुकेल त्याची जागा दुसऱ्याला. भाऊजी एकसष्टचे. ही नोकरी गेली तर दुसरी मिळणार नाही, हे त्यांना सोडून घरात सगळ्यांना कळत होतं. मी आठवडाभर सांगत होते, आधी मिस्त्रीला दाखवा.

“विलायती वस्तू मिस्त्रीला दाखवायची? काहीतरीच तुझं!”

मैदानावर कांबळ्यांच्या सहाच्या सहा सुटल्या. भाऊजींच्या चार. दोनदा नुसतं खट्.

“शेठ, काडतुसं देशी आहेत,” भाऊजी म्हणाले. काडतुसं दोघांना एकाच डब्यातली दिली होती.

“चाचा, चोर को क्या बोलूँ?” शेठने हात जोडले. “रुको साईं, दो गोली विलायत से आ रही है?”

सगळे हसले, कांबळे सोडून. ते म्हणाले, “शेठ, स्प्रिंग ढिली दिसते. करून घेतील. आठ दिवस द्या ना.”

शेठने दिले. भाऊजींनी कांबळ्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

परतताना व्याख्यान नव्हतं. एरवी अशा शांततेसाठी मी पैसे मोजले असते. हेंद्रेपाड्याला घराशी भाऊजी उतरले, हेल्मेट काढलं आणि ते हातात धरून तसेच उभे राहिले.

“म्हणजे वीस वर्षं मी त्या दारात काय घेऊन उभा होतो गं?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. नेहमीच असतं. ते बाजूला ठेवून मी त्यांच्या हातातलं हेल्मेट घेतलं.

पाच नोव्हेंबर. सकाळी चटणी वाटताना माझा मिक्सर दोनदा बंद पडला. चांगल्या कंपनीचा आहे, व्होल्टेज कमी असणार. झाकण दाबून धरून चटणी उरकली, भाऊजींना घेतलं आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे नेलं. हत्यार ठेवण्याआधी भाऊजींनी काउंटरवर ते मऊ फडकं अंथरलं. मिस्त्रीने पान्याला हात घातला तसे ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

“जपून उघडा हं,” मी मिस्त्रीला म्हणाले. “विलायती आहे.”