गौरव्वाची पॅसेंजर

ओल्या कोथिंबिरीचा हिरवा गंध आणि इंजिनातल्या कोळशाचा करपट धूर, या दोन वासांच्या मिश्रणातून माझी सकाळ उगवायची. सत्तरच्या दशकातली ती वर्षं. मी अक्कलकोट रोडहून सोलापूरच्या कॉलेजात रोज पॅसेंजरने जात असे. वाफेचं इंजिन, लाकडी बाकं, आणि चाल तर अशी संथ, की एखाद्या माहेरवाशिणीने गावातल्या प्रत्येक दाराशी थांबून ख्यालीखुशाली विचारावी! किती भाषा तिच्या पोटात नांदत! जाताना कानडी आणि मराठी एकमेकींत मिसळलेल्या. परतताना त्यांत विणकरांच्या घरची तेलुगू आणि दखनीचा लडिवाळ हेल यांची भर पडे.

तिलाटीला भाजीची पाटी घेऊन गौरव्वा चढायची. वळसंगची, चाळिशीची, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे. मी तिला अक्का म्हणे आणि ती मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण. मी वाचत बसले, की डब्यातल्या बायकांना ती दटावायची, "हळू बोला की! पोरगी शिकायलीय."

बी.ए.च्या शेवटच्या पेपराच्या दिवशी होटगी सोडून थोडं पुढे गेल्यावर गाडी थांबली. ज्वारी काढलेल्या उघड्याबोडक्या रानात इंजिनाने एक दीर्घ सुस्कारा टाकला आणि ते निपचित झालं. दुसरं इंजिन येईपर्यंत गाडी हलणार नाही, असं गार्ड सांगत गेला. पेपर अकराचा होता. तो बुडाला तर वर्ष बुडणार, आणि वर्ष बुडालं की घरात माझ्या लग्नाचीच बोलणी सुरू होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी पुस्तकात तोंड लपवून रडू लागले.

"रडून काय व्हतंय? ऊठ," गौरव्वा म्हणाली. "डांबरी सडक तितं दिसायलीय."

"पण अक्का, तुमची भाजी?"

"ऱ्हाऊ दे. तुला एकटीला न्हाय धाडायची मी."

पाटी शेजारणीच्या हवाली करून ती खाली उतरली. ढेकळांतून ठेचकाळत आम्ही सडक गाठली. वाळूने भरलेला ट्रक येताना दिसताच ती पदर खोचून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. "निल्लप्पा, निल्लो!" थांब बाबा, थांब, असं ती कानडीत ओरडली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मरायचंय का, मावशी?"

"परीक्षा हाय पोरीची! कालेजात सोड."

आम्ही दोघी केबिनमध्ये चढलो. वाटभर तिने माझा हात सोडला नाही. कॉलेजच्या फाटकाशी पोचलो तेव्हा घंटा होऊन गेली होती. मी धावत सुटले. वळून तिला दोन शब्द बोलायचंही मला सुचलं नाही. त्या कृतघ्न घाईची लाज अजून वाटते! पर्यवेक्षकांनी क्षणभर घड्याळाकडे पाहिलं आणि मला आत घेतलं. पाटी तिला संध्याकाळी स्टेशनावर मिळाली, पण एप्रिलच्या उन्हात कोथिंबिरीचं पार गवत झालं होतं.

निकाल लागला त्या दिवशी मी वर्तमानपत्र घेऊन मुद्दाम सकाळची पॅसेंजर गाठली. माझ्या नंबरावर मी गौरव्वाचं बोट ठेवलं. ते तिथून हलेना.

"हे तू व्हय?" तिने विचारलं. मग आवाज खाली आला. "मी कशी दिसती गं, लिवल्यावर?"

इतकी वर्षं मी तिच्याशेजारी बसून पुस्तकं वाचली. हा प्रश्न तिच्या मनात असेल, असं मला एकदा तरी वाटावं ना? विद्या विद्या म्हणून जे मिरवत होते, ते किती आखूड होतं! मी पेन्सिल तिच्या हाती दिली, त्या हातावर माझा हात ठेवला, आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आम्ही लिहू लागलो. कॉलेज संपलं होतं, तरी पुढे चार दिवस मी तिच्यासाठी गाडीला येत राहिले; तिलाटी ते सोलापूर हाच आमचा वर्ग. पाचव्या दिवशी तिने माझा हात बाजूला सारला आणि एकटीने नाव लिहिलं. शेवटच्या 'व्वा'चा काना काढताना गाडीने हिसका दिला आणि रेघ पार कागदाच्या टोकापर्यंत धावली. मी खोडायला गेले, तर तिने कागद उराशी धरला.

"खोडू नको, तंगी," ती हसली. "चालत्या गाडीत लिवलंय. जरा पळणारच की!"