भित्र्यांच्या पक्षाचे मामा

मामींचा फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात एका लोखंडी सामानाच्या दुकानात जमाखर्च जुळवत बसलो होतो. “मामा गेले रे…” एवढं म्हणून त्या थांबल्या. मागे कोणीतरी रडत होतं. मग त्याच थकल्या आवाजात म्हणाल्या, “आनी आज पुनव.” आमच्या गावाची माहिती नसलेल्याला हे दुसरं वाक्य विचित्र वाटेल. मी मात्र पेडण्यापर्यंतच्या सगळ्या वाटेवर स्कूटर चालवताना त्याचाच विचार करत होतो. मामांचा चेहरा डोळ्यांपुढे येत नव्हता. पौर्णिमेची मोठी भरती पुरी व्हायला किती वेळ उरला आहे, एवढंच मन मोजत होतं.

गाव तेरेखोल नदीच्या काठाला आहे. आमची शेतं नदीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत, आणि भरतीला त्या नदीत समुद्राचं खारं पाणी चढतं. मधे फक्त एक मातीचा बांध, आणि बांधात पाणी सोडायची-अडवायची दोन लाकडी दारं. त्यांना आम्ही मानस म्हणतो. बांधाच्या आतल्या बाजूला, शेतं संपतात तिथे, एक गोड्या पाण्याची विहीर आहे. नळ आले तरी एप्रिल-मे महिन्यांत खालचा वाडा तिच्यावरच जगतो. बांधाला कुठे भोक पडलं, खारं पाणी झिरपू लागलं, की ते डोळ्यांना दिसायच्या आधी या विहिरीच्या पाण्याला कळतं. मामा रोज सकाळी त्या विहिरीचा एक घोट चाखत. गोड असेल तर काचेचा कोप, म्हणजे पेला, विहिरीवरच्या कोनाड्यात उपडा ठेवत. शेतावर जाणारा माणूस कोनाड्याकडे एक नजर टाकी आणि पुढे जाई. खारं लागलं तर कोप सुलटा ठेवायचा. माझ्या आठवणीत तो सुलटा एकदाच ठेवला गेला, आणि त्याबद्दलच मला लिहायचं आहे.

मी पोचलो तेव्हा मामांना ओसरीवर निजवलं होतं. माणसं जमली होती. दारातच शोभा भेटली. ती मामांची कॉलेजातली विद्यार्थिनी, आता स्वतःची शेती करणारी, आणि बांध सांभाळणाऱ्या गावच्या संस्थेत गेली काही वर्षं त्यांच्या विरुद्ध उभी राहणारी. तिने माझा हात धरून बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, “आज चाखलें काय कोणी?” मी आदल्या दिवशीच डिचोलीला गेलेलो; कोणीच चाखलं नव्हतं. पहाटेपासून शोभासकट सगळे मामांभोवती होते. घरात माणूस गेलेला, आणि आम्हाला विहिरीची भीती. शोभा एकटीच चालत गेली. मी तिरडी बांधायला थांबलो, पण ती परत येईपर्यंत दोरीची शेवटची गाठ मारली नाही. ती फाटकातूनच मान हलवून ‘ठीक’ म्हणाली, आणि मग आम्ही मामांना उचललं.

मामा म्हापशाच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. वर्गात सगळे वाद सारख्याच निष्ठेने शिकवत, पण स्वतःचं मत कोणी विचारलं तर म्हणत, “मी भित्र्यांच्या पक्षाचा.” त्या पक्षाला निशाणी मिळाली तर कोणती, असं एकदा त्यांना कोणी चिडवलं. ते म्हणाले, खुर्चीवर चढलेला एक आणि तो पडू नये म्हणून खुर्चीचा पाय धरून बसलेला दुसरा. आम्ही तो दुसरा. लोक त्यांना जुन्या मताचे म्हणत, पण तो शब्द त्यांना रुचत नसे. जुनं म्हणून चांगलं असं मी कधी म्हटलं नाही, असं ते सांगत. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की माणूस चुकतो, शिकलेला तर जास्त आत्मविश्वासाने चुकतो, आणि म्हणून जे मोडल्यावर परत जोडता येणार नाही त्याला हात लावण्याआधी हात लावणाऱ्याने कारण दिलं पाहिजे. जे चाललं आहे त्याला कारण विचारू नये असं नाही. पण पहिला जाब बदलणाऱ्याने द्यावा.

मी हिशेबाचा माणूस. तरुणपणी मी त्यांना म्हणायचो, मामा, बांध फुटण्याची शक्यता किती ते तरी सांगा, मग किती भ्यायचं ते ठरवू. ते म्हणत, शक्यता तू मोज; मी बुडाल्यावर काय उरतं ते मोजतो. मला ते शब्दांचे खेळ वाटायचे. मी तेव्हा डिचोलीला खनिज वाहतुकीच्या कचेरीत होतो, आणि दारासमोरून दिवसभर ट्रक जात. त्या धुळीत एक प्रकारचा भरवसा होता. मग खाणी बंद झाल्या. ट्रक रांगेने उभे राहिले, त्यांच्या चाकांतून गवत वर आलं. ट्रकांसाठी कर्ज काढलेले, गॅरेजवाले, चहावाले, जेवण पुरवणाऱ्या बायका… सगळे एकाच आठवड्यात रिकामे. मामा मला भेटायला आले होते. खाण वाईट की बंदी वाईट यावर ते एक अक्षर बोलले नाहीत. बाजारातून चालताना फक्त म्हणाले, अख्खा तालुका एका खांबावर उभा केलात; खांब सोन्याचा असला म्हणून काय झालं. त्या दिवसापासून मी त्यांच्या भीतीला हसायचं सोडलं. पुढे आईच्या वाट्याची शेती बघायला मी त्यांच्याच गावात येऊन राहिलो, आणि अशा रीतीने मीही बांधाआड आलो.

बांधाची एक रीत आहे. मानशीचं दार एका माणसाने उघडायचं नाही. दाराला दोन दोऱ्या. एक वरच्या वाड्याने ओढायची, एक खालच्या वाड्याने. या दोन वाड्यांचं देवळाच्या मानावरून पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. पण ओहोटीला दोघांची दोन माणसं मानशीवर येतात, एकमेकांकडे न बघता दोरी ओढतात आणि परत जातात. मामांना या रीतीचं फार कौतुक. म्हणायचे, मी वर्गात सत्ताविभाजन शिकवायला एक अख्खं सत्र घेतो आणि इथे ते दोन अबोल माणसं रोज करून दाखवतात. “झगडें आसूं दी. पूण दोरी दोगांनी ओडची.”

म्हणून नव्या दारांचा प्रस्ताव आला तेव्हा ते अडले. दोन्ही लाकडी दारं काढून लोखंडी, बटणावर चालणारी दारं बसवायची आणि मातीचा बांध सिमेंटने बांधून काढायचा, सगळं एका उन्हाळ्यात. शोभा त्या बाजूची पुढारी होती आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. चिखल उपसायला माणसं मिळत नाहीत, मुलं वास्कोला नाहीतर त्याहून लांब नोकरीला, नदीचं पाणी दरवर्षी वर येतंय, आणि वरच्या डोंगराची माती घरांसाठी कापली जातेय ती पावसात खाली येते. मामा म्हणाले, एक दार बसवा, एक ठेवा, दोन पावसाळे बघा. बटण कोणाच्या हातात राहणार ते आधी सांगा. सभेत शोभा उठली आणि म्हणाली, “सर, तुमकां सगळ्याचोच भंय दिसता. मागीर जगतात कशे?” माणसं हसली. मामाही हसले. “भियेत भियेतच म्हातारो जालों,” ते म्हणाले. “ना जाल्यार आदींच मेल्लों आसतलों.”

पण शोभा हसण्यावर थांबणारी नव्हती. तिने विचारलं, तुमच्या रीतींनी माझ्या आजीला देवळाच्या पायऱ्यांखाली उभं केलं होतं; तेव्हा ती रीत मोडणाऱ्याकडेही तुम्ही कारण मागितलं असतं का? मामा म्हणाले, नसतं मागितलं तर बरं झालं असतं, पण मी मागितलं असतं… मला माझीच भीती वाटते ती यासाठी. ती रीत मोडली ते चांगलं झालं. तिच्यामागे पाणी अडलेलं नव्हतं, नुसती माणसं अडवली होती. इथे पाणी आहे. मत घेतलं गेलं. थोड्याच हातांच्या फरकाने मामांचं म्हणणं टिकलं. शोभाचा हात अर्थातच विरुद्ध होता.

त्याच हिवाळ्यातली गोष्ट. मामा आजारातून उठले होते, औषधं चालू होती. एका दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. मामींच्या हातून माशांच्या हुमणात दोनदा मीठ पडलं होतं. मी पहिला घास तोंडात घातला आणि थांबलो. मामी माझ्याकडे बघत होत्या, मग त्यांनी मामांकडे बघितलं. मामा चवीने भात कालवून जेवत होते. आम्ही बोलत का नाही म्हणून त्यांनी वर पाहिलं. आमचे चेहरे बघितले, ताटात बघितलं. मीठ त्यांना लागलंच नव्हतं. ते उष्ट्या हातानेच उठले आणि विहिरीकडे निघाले. मी मागे धावलो. विहिरीवर कोप उपडाच होता, सकाळी त्यांनीच ठेवलेला. त्यांनी पाणी काढलं, कोप माझ्यापुढे धरला. “तूं चाख.”

पाणी खारट होतं. फार नाही, पण होतं. मी ते सांगितलं तेव्हा ते विहिरीच्या पाळीवर बसले. त्यांची जीभ कधीपासून गेली होती हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं. रोज सकाळी ते प्रामाणिकपणे चाखत होते, प्रामाणिकपणे कोप उपडा ठेवत होते आणि सगळा गाव तो बघून निर्धास्त पुढे जात होता. “माका कळूंक ना,” ते म्हणाले, “एकाच जिबेर सगळो गांव दवरलो.” दोरी दोघांनी ओढायची म्हणून आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाने विहीर मात्र एकट्याकडे ठेवली होती. त्यांनी स्वतःच्या हाताने कोप सुलटा ठेवला.

बांधाला कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, भोक पाडलं होतं. ते सापडलं, बुजवलं. पण खालच्या तीन वाफ्यांतली मिरची करपली, आणि त्यातला एक वाफा शोभाचा होता. मामांनी सभा स्वतःच बोलावली आणि काय झालं ते पहिल्यांदा आपणच सांगितलं. लोक रागावले, आणि रागावणं बरोबरच होतं. शोभा म्हणाली, पाणी तपासायचं यंत्र असतं तर हे आधीच कळलं असतं. मामा म्हणाले, कळलं असतं, यंत्र आणा. पण माझी जीभ चुकली म्हणून चाखणंच सोडू नका; यंत्रही एक दिवस माझ्यासारखंच मरेल आणि मेलं हे त्यालाही कळणार नाही. मग सगळ्यांसमोर ते शोभाकडे वळले आणि तिची जीभ मागितली. “म्हजी जीब गेली. आतां तुजी जाय.” ती म्हणाली, “म्हजी? हांवें तुमचे आड मत दिलें.” “म्हणून तर,” मामा म्हणाले.

दुसरी जीभ माझी ठरली. मामांनी दोघांसाठी नियम घालून दिला: दोघांनी चाखायचं, दोघांचं गिळून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही, मग एकदम सांगायचं. दोन जिभा जुळल्या नाहीत तर विहिरीवर वाद घालायचा नाही, बांधावर चालायला लागायचं. एक दार आता लोखंडी आहे, एक अजून लाकडीच. कोणतं बरं ते मला आजही सांगता येत नाही. लोखंडी दार एकदा वीज गेल्यावर अडकलं, आणि लाकडी दाराची फळी या पावसात कुजली. मामा बरोबर होते का? आकडे मांडून बघितले, उत्तर येत नाही. कदाचित त्यांच्या सांभाळून चालण्यात आमची काही वर्षं वाया गेली. कदाचित त्याच वर्षांमुळे आम्ही अजून इथे आहोत. शेवटी शेवटी मी त्यांना विचारलं होतं, इतकं भिऊन थकला नाहीत का? “भियेवप म्हळ्यार पळप न्हय,” ते म्हणाले. भिणं म्हणजे पळणं नव्हे; पळणाऱ्याला काही सांभाळायचं नसतं…

मामा गेल्यानंतरची पहिली अमावास्या परवा झाली. आम्ही मधल्या दिवसांत रोज चाखत होतो; पण अमावास्येची भरती मोठी, आणि मामा नसतानाची ती पहिलीच. आता विहिरीवर आणलेल्या यंत्राचा काटा खुणेच्या जरा खाली होता, म्हणजे गोड्यातच, पण काठावर. शोभाने चाखलं. मी चाखलं. माझं तोंड भीतीने इतकं कोरडं पडलं होतं की चव पाण्याची की माझ्या जिभेची, ठरेना. गिळलं. शोभाने मान हलवली आणि आम्ही एकदम बोललो. ती म्हणाली, “गोडें.” मी म्हणालो, “खारें.”

कोप माझ्या हातात होता. उपडा ठेवू की सुलटा, मला कळेना. शोभा वाद घालील असं वाटलं होतं, पण तिने साडीचा पदर खोचला आणि बांधाकडे चालू लागली. ती शेताच्या अंगाने, मी नदीच्या अंगाने, कुर्ल्यांची भोकं शोधत. कोप मी तसाच हातात धरून निघालो होतो, हे अर्ध्या बांधावर गेल्यावर लक्षात आलं. परत फिरायला म्हणून मी मागे वळून पाहिलं. शेतावर जाणारी माणसं विहिरीपाशी थांबली होती. कोनाडा रिकामा होता. कोप उपडाही नव्हता, सुलटाही नव्हता. मग वरच्या वाड्याचा एक आणि खालच्या वाड्याचा एक, एकमेकांकडे न बघता, हातात कुदळ घेऊन बांधाकडे यायला निघाले.