पाडव्याचा नियम

सहकारनगरच्या त्या जुन्या सोसायटीत श्याम आठल्यांचा सल्ला न मागताही मिळायचा. कारखान्याच्या हिशेब विभागात तीस वर्षं काढलेला माणूस. पेन्शन नाही, म्हणून निवृत्तीचे पैसे कुठे ठेवायचे याचा अभ्यास त्यांनी परीक्षेला बसल्यासारखा केला होता. एकेका कंपनीचे शेअर हुडकत बसणं हा त्यांच्या मते रिकामटेकड्यांचा उद्योग होता. सगळ्या मोठ्या कंपन्या एकदम घेणारा इंडेक्स फंड घ्यावा आणि गप्प बसावं.

"आणि बाजार कोसळला तर, काका?" पहिल्या मजल्यावरच्या केदारने एकदा जिन्यातच विचारलं.

"कोसळणारच आहे," आठल्ये म्हणाले. "म्हणून पाच वर्षांचा घरखर्च एफडीत ठेवायचा. फंडाकडे वर्षातून एकदा बघायचं, गुढीपाडव्याला. फुगला असेल तर वरचं काढून एफडीत टाकायचं. पडला असेल तर खर्चापलीकडचं जे एफडीत असेल ते फंडात. घाबरून विकायचं मात्र नाही. एवढं जमत नसेल तर पैसे गादीखाली ठेवा."

केदारने मुकाट्याने तसं केलं. आठल्यांनी स्वतः केलं नाही, ही खरी गोष्ट.

आठल्ये राहायचे तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही आणि त्यांच्या पत्नी उल्काताईंचे दोन्ही गुडघे झिजलेले. हे घर विकून, वर फंडातले पैसे घालून, २०२०च्या दिवाळीला लिफ्टच्या घरात जायचं, असा शब्द त्यांनी बायकोला दिला होता. वर्षभरात लागणारे पैसे बाजारात ठेवू नयेत, हे दुसऱ्या कुणाला त्यांनी खडसावून सांगितलं असतं. पण तीन पाडवे फंड फुगत चालला होता आणि एफडीचं व्याज बघून त्यांना हसू यायचं. होत्या त्या एफडीही त्यांनी मोडून फंडात घातल्या. नियम कच्च्या मनाच्या माणसांसाठी असतात, आपलं मन पक्कं आहे, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

मार्चमध्ये करोना आला. पाडव्याच्या आधीच्या सोमवारी बाजार एका दिवसात तेरा टक्के पडला. दोन महिन्यांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसे गेले होते आणि बँकेत जेमतेम चार महिन्यांचा खर्च होता. आठल्ये रात्रभर जागे राहिले. मंगळवारी सकाळी उल्काताई मेथी निवडत होत्या. त्यांच्याकडे पाठ करून, गॅलरीत उभं राहून, आठल्यांनी फोनवर सगळा फंड विकून टाकला. पक्क्या मनाच्या माणसाला पाच मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी पाडवा. केदारचा फोन आला, आवाज रडवेला. "काका, सगळं काढून टाकू का?"

"नियम काय सांगतो?"

"उलट घालायचं."

"मग? मुहूर्त बघायचाय?" एवढं बोलून आठल्यांनी फोन ठेवला. आपला आवाज इतका ठणठणीत निघाला याची त्यांना किळस आली.

पुढे बाजार चढत गेला. आणखी एकदा पडू दे, मग शिरू, म्हणून आठल्ये थांबून राहिले. तो पडला तेव्हाही त्यांनी विकलं होतं त्या भावापर्यंत कधी आला नाही. घरांच्या किमती मात्र हाताबाहेर गेल्या. उल्काताईंना ते सांगायचे, बिल्डरचे कागद धड नाहीत, थोडं थांबू. दर वर्षी एखाद्या नव्या इमारतीचा रंगीत नकाशा आणून दाखवायचे. गेल्या वर्षात उल्काताई चारदा खाली उतरल्या, त्यातल्या तीन खेपा डॉक्टरकडे.

यंदाच्या पाडव्याला केदार पेढे आणि साखरेची गाठी घेऊन आला. शहराच्या टोकाला मांजरी भागात बाराव्या मजल्यावर घर घेतलं होतं त्याने. "काका, त्या पाडव्याला तुम्ही होतात म्हणून मी टिकलो. काकूंना घेऊन या नक्की. दोन लिफ्ट आहेत."

"शिस्त लागते," आठल्ये म्हणाले.

केदार पाया पडून गेला. उल्काताईंनी पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं.

"अहो, बँकेचं खातं दोघांच्या नावावर आहे आपलं," त्या म्हणाल्या. "पैसे जमा झाल्याचा मेसेज माझ्याही फोनवर आला होता. त्या पाडव्यानंतर दोन-तीन दिवसांनी. पूर्वी फंडात किती होते तेही मला माहीत होतं."

आठल्ये खुर्चीत बसले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून." त्यांनी भिंतीला हात लावून गुडघा सरळ केला. "पैशांचं जाऊ द्या. घाबरलात, कोणीही घाबरलं असतं. पण दर वर्षी तुम्ही ते नकाशे आणायचात आणि मी स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला येईल ते विचारत बसायचे. तेवढं आता पुरे करू या."